प्रश्न वाचकांचे : सहा दिवस, एक झाड आणि पिढीजात शाप

या वेळची बहुतेक पत्रे पवित्र शास्त्रातील पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, पहिल्या तीन अध्यायांबद्दल आहेत. पाच निवडली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. नावे मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : मुलगा भूगर्भशास्त्र शिकतो. त्याच्या पुस्तकात पृथ्वीचे वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे आहे, आमच्या मंडळीत सहा हजार सांगतात. दोनातले एकच खरे असणार म्हणतो आणि उपासनेला येणे त्याने जवळजवळ सोडले आहे. त्याला काय सांगू? (एक वडील, अहिल्यानगर)

सलाम. आधी हे सांगा की सहा हजार हा आकडा पवित्र शास्त्रात कुठेही लिहिलेला नाही. तो बेरजेने काढलेला आहे. आयर्लंडमधील आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी उत्पत्ती 5 आणि 11 मधल्या वंशावळ्या आणि पुढच्या राजांची वर्षे मोजून सृष्टीचे साल इ. स. पू. 4004 ठरवले आणि ते 1650 मध्ये प्रसिद्ध केले. 1701 पासून इंग्रजी बायबलच्या समासात ही साले छापली जाऊ लागली. समासातला आकडा आणि वचन यांतला फरक मग लोकांच्या लक्षात राहिला नाही.

बेरीजही वाटते तितकी पक्की नाही. आदामापासून जलप्रलयापर्यंत हिब्रू प्रतीप्रमाणे 1656 वर्षे होतात, शोमरोनी लोकांनी जपलेल्या प्रतीप्रमाणे 1307, आणि जुन्या ग्रीक भाषांतराप्रमाणे 2200 हून अधिक. शेथ जन्मला तेव्हा आदाम हिब्रूत 130 वर्षांचा आहे, ग्रीकमध्ये 230. शिवाय वंशावळीत पिढ्या गाळण्याची रीत शास्त्रातच दिसते. मत्तय 1:8 मध्ये योरामानंतर थेट उज्जीया येतो; मधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे गाळलेले आहेत. मत्तयाला प्रभूचा दावीदाशी असलेला संबंध दाखवायचा होता. वर्षे मोजायची नव्हती, म्हणून त्याचे काही चुकले नाही.

आता पहिला अध्याय मुलाबरोबर बसून वाचा. पहिले तीन दिवस जागा तयार होतात: प्रकाश आणि अंधार, आकाश आणि पाणी, कोरडी जमीन. पुढचे तीन दिवस त्याच क्रमाने त्या जागा भरतात: ज्योती, मग पक्षी आणि मासे, मग पशू आणि माणूस. सूर्य चौथ्या दिवशी येतो, पण संध्याकाळ आणि सकाळ पहिल्या दिवसापासून होते. हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नसेल असे मानणे त्याच्यावर अन्याय आहे. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने नेमका हाच प्रश्न विचारला होता. पुढे बिशप ऑगस्टिनने तर देवाने सर्व एकाच क्षणी निर्माण केले आणि सहा दिवस ही समजावून सांगण्याची रचना आहे, असे मत मांडले. डार्विनच्या 1400 वर्षे आधीचे हे लोक आहेत. विज्ञानाला घाबरून त्यांनी माघार घेतली असे कोणी म्हणू शकत नाही.

मग हा अध्याय सांगतो तरी काय? त्यात सूर्य आणि चंद्र यांची नावेच नाहीत. मोठी ज्योती, लहान ज्योती एवढेच आहे. आजूबाजूची राष्ट्रे ज्यांना देव म्हणून पूजत होती, त्यांना इथे दिव्यांचे काम दिले आहे. बाबेलच्या सृष्टिकथेत देवांचे कष्ट वाचावेत म्हणून मारलेल्या एका देवाच्या रक्तापासून माणूस बनतो. उत्पत्ती 1:27 मध्ये नर आणि नारी दोघेही देवाच्या प्रतिरूपाचे आहेत. ते कोणाचे वेठबिगार नाहीत. सृष्टी कोणाची, ती चांगली की वाईट, माणसाची किंमत काय, यांची उत्तरे इथे आहेत. खडकाच्या वयाचे उत्तर खडकातच शोधावे लागते, आणि ते शोधणे पाप नाही. विश्वाच्या प्रसरणातून त्याच्या आरंभापर्यंत मागे जाणारा सिद्धान्त मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते.

चोवीस तासांचे सहा दिवस मानणारे भाऊबहीण आपल्यात आहेत. निर्गम 20:11 हा त्यांचा सर्वांत भक्कम आधार आहे आणि तो हलका लेखू नये. तिथे शब्बाथाची आज्ञा सहा दिवसांवर उभी आहे. पण तेच मत मान्य करणे ही विश्वासाची अट केली, तर ते प्रेषितांच्या मतांगीकारात (ख्रिस्ती विश्वासाच्या जुन्या सूत्रात) नसलेले कलम होते. तुमच्या मुलासमोर हेच कलम उभे केले गेले आहे. ते बाजूला करा.

प्रश्न : तरुण संघात उत्पत्ती 1 ते 3 चार रविवारांत घ्यायचे आहे. मागच्या वेळी पहिल्याच दिवशी डायनासोरवर वाद झाला आणि बैठक तिथेच संपली. (एक शिक्षिका, जालना)

वाद डायनासोरमुळे झालेला नाही. वचन वाचण्याआधी मते मागितली की असेच होते. पंचेचाळीस मिनिटे असतील तर पहिली पंधरा फक्त मोठ्याने वाचण्यासाठी ठेवा. सर्वांच्या हातात एकच भाषांतर असू द्या. मोबाइलवर प्रत्येकाचे वेगळे निघाले की अर्धा वेळ शब्द जुळवण्यात जातो. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेले, 1924 मध्ये छापून निघालेले भाषांतर तुमच्याजवळ ठेवा आणि अडले तरच उघडा.

पहिला रविवार : 1:1 ते 2:3. कागदावर दोन रकाने करून दिवस 1-2-3 समोर 4-5-6 लिहायला लावा. सातव्या दिवशी संध्याकाळ आणि सकाळ झाल्याचे वाक्य नाही, हे त्यांचे त्यांना सापडू द्या. तुम्ही सांगू नका.

दुसरा : 2:4 ते 2:25. इथे क्रम बदलतो. आधी माणूस, मग बाग, मग पशू, शेवटी स्त्री. पहिल्या अध्यायात फक्त "देव" आहे, इथे "परमेश्वर देव". मुले "मग खरे कोणते?" विचारतील. घाईघाईने दोन्ही एकमेकांत बसवू नका. उत्पत्तीच्या संपादकाने हे दोन वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवले आणि क्रमातला फरक पुसला नाही, म्हणजे क्रम सिद्ध करणे हा त्याचा हेतू नव्हता. पहिल्यात राजाधिराज देव बोलतो आणि होते. दुसऱ्यात तो मातीत हात घालतो. मंडळीला दोन्ही हवे आहेत.

तिसरा आणि चौथा, दोन्ही रविवार तिसऱ्या अध्यायाला द्या. पहिल्यांदा एवढेच करा : 2:17 मधली देवाची आज्ञा, 3:1 मधला सर्पाचा प्रश्न आणि 3:3 मधले स्त्रीचे उत्तर, तिन्ही एकाखाली एक लिहा. सर्प एका झाडाची मनाई सगळ्या झाडांवर नेतो. स्त्री "स्पर्शही करू नका" हे पदरचे घालते. आज्ञा वाढवून सांगणे हाही ती बिघडवण्याचा एक मार्ग आहे, हे तरुणांना लगेच कळते. पुढच्या रविवारी शाप कोणाला मिळाला ते शोधा. 3:14 मध्ये सर्पाला, 3:17 मध्ये भूमीला. स्त्री-पुरुषांना उद्देशून शाप हा शब्द इथे येत नाही.

3:16 वर जरूर थांबा. नवरा बायकोवर स्वामित्व चालवील, हे बिघडलेल्या नात्याचे वर्णन आहे. घर कसे चालवावे याची ती आज्ञा नाही. ती असती तर 3:18 मधले काटेकुसळेही शेतातून उपटायला नकोत. 1847 मध्ये एडिंबराचे डॉ. सिम्प्सन प्रसूतीत क्लोरोफॉर्म देऊ लागले तेव्हा याच वचनातल्या प्रसूतीच्या वेदनांच्या आधारे आक्षेप निघाले होते, आणि सिम्प्सन यांनी उत्तर म्हणून 2:21 मधली आदामाची गाढ झोप पुढे केली होती.

प्रश्न : फळ सफरचंदच होते का? आणि सर्प म्हणजे सैतान असे उत्पत्तीत कुठे लिहिले आहे? (एक वाचक, सोलापूर)

फळाचे नाव दिलेले नाही. झाडांपैकी फक्त अंजिराचे नाव येते, तेही पाने शिवण्यापुरते (3:7). सफरचंद पुढे युरोपातल्या चित्रांतून पक्के झाले. सर्पाला तिसरा अध्याय रानातला धूर्त प्राणी म्हणतो. त्याला सैतान म्हणणारे स्पष्ट वचन प्रकटीकरण 12:9 मध्ये आहे. कॅथलिक बायबलमधील ज्ञानग्रंथ 2:24 सैतानाच्या मत्सराने मरण जगात आले असे सांगतो. दोन्ही मागून आलेले प्रकाश आहेत. ते घ्या, पण आधी मूळ कथा आहे तशी वाचून.

प्रश्न : आमच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. प्रार्थनासभेत सांगितले की पणजोबांच्या घरी देवदेवस्की होती, तो शाप चौथ्या पिढीवर उतरला आहे, आणि तीन शुक्रवार उपास करून तो तोडावा लागेल. सासूबाईंना ते पटले आहे. मला रात्रभर झोप लागत नाही. (एक आई, मिरज)

ताई, तुमच्या मुलीवर शाप नाही. हे आम्ही धीर देण्यासाठी म्हणत नाही. शास्त्र तसे सांगते म्हणून म्हणतो.

तुम्हाला निर्गम 20:5 दाखवले असणार : वडिलांच्या अन्यायाचे फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. वचन तिथेच तोडतात. त्याच वाक्यात "माझा द्वेष करणाऱ्यांच्या" असे आहे, आणि सहाव्या वचनात देवावर प्रीती करणाऱ्यांवर हजारो पिढ्यांपर्यंत दया आहे. तीन-चार पिढ्या म्हणजे एका छपराखाली एकत्र राहणारे तेव्हाचे घर. आजोबांनी मूर्ती घडवली तर नातवंडे तिच्यापुढेच वाढत. मेलेल्या पणजोबांचे पाप न जन्मलेल्या बाळाच्या कानात शिरते, असे ते वचन म्हणत नाही.

इस्राएलातही याच वचनाचा असा अर्थ लोक काढू लागले होते. बाबेलात धरून नेलेले लोक एक म्हण वापरत : बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. यहेज्केल 18 हा सबंध अध्याय ती म्हण बंद करण्यासाठी आहे. विसावे वचन सासूबाईंना वाचून दाखवा : पाप करणाराच मरेल, मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही. यिर्मया 31:29-30 मध्येही तेच आहे.

मग योहान 9. शिष्य जन्मांध माणसाबद्दल विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभू दोन्ही नाकारतात. लूक 13 मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांपेक्षा पापी होती का, यावरही उत्तर "नाही" हेच आहे. ईयोबाचे मित्र पाने भरून दुःखामागचे पाप शोधतात, आणि 42:7 मध्ये देवाचा राग भडकतो तो त्या मित्रांवर.

कोणी म्हणेल, नहेम्या 1 आणि दानीएल 9 मध्ये पूर्वजांची पापे कबूल केली आहेत. खरे आहे. पण तिथे नहेम्या आणि दानीएल अख्ख्या राष्ट्राच्या वतीने आपली आणि वाडवडिलांची पापे एकत्र कबूल करतात. कोणा एका लेकराच्या व्यंगाचे निदान तिथे केलेले नाही. आणि नियमशास्त्राच्या शापातून ख्रिस्ताने आपल्याला सोडवले (गलतीकरांस 3:13), तर तीन शुक्रवारांनी काय तोडायचे उरले?

घराण्यातून काही गोष्टी खाली येतात, हे नाकारता येत नाही. दारू, कर्ज, मारहाण यांचे भोग मुलांना भोगावे लागतात. जन्मजात बहिरेपणातही पुष्कळदा जनुकांचा भाग असतो, आणि आईबाप दोघांनाही नीट ऐकू येत असते. भोग वाट्याला येणे वेगळे आणि दोष अंगावर येणे वेगळे. जनुकाला पश्चात्ताप लागत नाही.

आता करायचे ते असे. ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे यंत्र) किंवा खुणांची भाषा, जे ठरेल ते लवकर सुरू व्हायला हवे, कारण भाषा बसण्याची मुख्य वर्षे पहिली तीन-चार. उपासासाठी तपासणीची तारीख पुढे ढकलू नका. मुलीसमोर "शाप" हा शब्द घरात कोणी उच्चारणार नाही, एवढे पतीकडून वदवून घ्या. आज ती ऐकत नसली तरी चेहरे वाचते. पाळकसाहेबांना घरी बोलवा आणि सासूबाईंसमोरच बोलणे होऊ द्या. शाप तोडण्यासाठी कोणी देणगी मागितली तर त्या सभेला पुन्हा जाऊ नका. आणि रडावेसे वाटले तर स्तोत्र 13 आणि 88 मोठ्याने म्हणा. 88 वे अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

प्रश्न : आमचे बाळ सातव्या दिवशी गेले. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) राहून गेला. नातेवाईक मूळ पापाचे नाव काढतात. बाळ कुठे आहे? (वसईतील एक कुटुंब)

पाप हा शब्द पवित्र शास्त्रात पहिल्यांदा येतो तो काइनाच्या कथेत, उत्पत्ती 4:7 मध्ये. "मूळ पाप" हे नाव त्याहून फार नंतरचे, मुख्यतः रोमकरांस 5:12-21 वर ऑगस्टिनने पेलागियस या धर्मशिक्षकाशी केलेल्या वादातून घडलेले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या मानतात की आदामाकडून आपल्याला मर्त्यपणा आणि बिघाड मिळाला, त्याचा दोष नाही. पाश्चात्त्य परंपरेचा भर अधिक कडक राहिला. तरीही कॅथलिक शिकवणसंग्रहात (परिच्छेद 404-405) स्पष्ट म्हटले आहे की मूळ पाप ही लाभलेली अवस्था आहे, केलेले कृत्य नाही, आणि आदामाच्या वंशजात त्याला वैयक्तिक अपराधाचे स्वरूप नाही. तुमच्या बाळाने काहीही केलेले नव्हते.

लिंबो, म्हणजे स्नानसंस्कार न झालेल्या बालकांची स्वर्गाबाहेरची वेगळी जागा, हा चर्चचा सिद्धान्त कधीच नव्हता; ते ईशविद्यापंडितांचे मत होते. शिकवणसंग्रहाचा परिच्छेद 1261 अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपवतो आणि लेकरांना माझ्याकडे येऊ द्या या प्रभूच्या शब्दांची आठवण देतो. 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय ईशविद्या आयोगाने पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजातही त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणे आहेत असे म्हटले आहे. नातेवाइकांना एवढेच सांगा की चर्च जिथे आशा धरते, तिथे त्यांनी शिक्षा सांगू नये.

चर्चमध्ये अंत्यविधी झाला नसेल तर धर्मगुरूंना भेटा. स्नानसंस्कार देण्याचा आईवडिलांचा विचार होता, पण बाळ आधीच गेले, तर स्थानिक धर्माध्यक्षांच्या परवानगीने ख्रिस्ती अंत्यविधी करता येतो. कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेच्या कलम 1183 मध्ये ती तरतूद आहे. दफन होऊन गेले असले तरी बाळाच्या नावाने मिस्सा मागता येते.

ज्यांचे बाळ आज अतिदक्षता विभागात आहे, त्यांच्यासाठी : जीव धोक्यात असेल तर धर्मगुरूंची वाट पाहू नका. कोणीही, परिचारिकाही, चर्चला जे करायचे असते तेच करण्याच्या हेतूने, स्नानसंस्कार देऊ शकते. साधे स्वच्छ पाणी चालते. डोक्यावर पाणी ओतत, बाळाचे नाव घेऊन, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला स्नानसंस्कार देते" असे म्हणायचे. पाणी त्वचेवरून वाहिले पाहिजे. ओल्या कापसाचा नुसता स्पर्श नको. नळ्या असतील तर परिचारिकेला विचारून कपाळावर थोडे पाणी सोडा. वेळ, नाव आणि देणाऱ्याचे नाव लिहून ठेवा आणि धर्मग्रामाच्या कचेरीत नोंद करा. बाळ बरे होऊन घरी आले तर स्नानसंस्कार पुन्हा द्यायचा नसतो. तेलाचा अभिषेक आणि राहिलेले विधी तेवढे चर्चमध्ये पूर्ण होतात.