नागपूरचं ऊन, घाम आणि हेल्मेट: केसांना जेल लावावं, वॅक्स, क्ले की पोमेड?

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय 25, केस सरळ आणि जरा पातळ. रोज नंदनवनहून बाईकने मिहानला जाता. सकाळी जेल लावून निघता, पण ऑफिसात हेल्मेट काढलं की केस डोक्याला चिकटलेले आणि खांद्यावर पांढरा भुसा. दुकानात वॅक्स, क्ले, पोमेड, पावडर इतकी नावं की डोकं चक्रावतं. सेट वेट बरं की बिअर्डो, आणि हे सगळं लावून केस तर गळणार नाहीत ना?

आधी उत्तर देऊन टाकतो. मॅट क्ले घ्या, म्हणजे चमक न आणणारी, माती घातलेली पेस्ट; मध्यम पकडीची, शाम्पूने सहज निघणारी. ती घरून लावून निघू नका, ऑफिसात हेल्मेट काढल्यावर लावा. जेल तुमच्या कामाचं नाही. आता काहून ते सांगतो. प्रतापनगरला माझं सलून आहे, त्यामुळे यातलं झाडून सगळं रोज हाताखालून जातं.

जेल म्हणजे मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेलं पॉलिमर. पाणी उडून गेलं की पॉलिमरचा पातळ पापुद्रा केसांवर वाळतो आणि शेजारशेजारचे केस एकमेकांना धरून कडक होतात. हा पापुद्रा वाकत नाही, तुटतो. हेल्मेट घालताना तुटतो, काढताना तुटतो, आणि उरलासुरला तुम्ही आरशासमोर केसांतून बोटं फिरवता तेव्हा. खांद्यावरचा भुसा तोच. असं गिऱ्हाईक आलं की मी गळ्याभोवती काळं कापड बांधतो आणि कोरड्या केसांतून बारीक दातांचा कंगवा फिरवतो. कापडावर जे पडतं त्यावर ओलं बोट टेकवलं की जेलचा कण चिकट होऊन विरतो. कोंडा विरत नाही. शिवाय कोंडा टाळूवर असतो, केसांच्या टोकांवर नाही. हे एवढं बघितलं नाही म्हणून कित्येक पोरं महिनोन्महिने कोंड्याच्या शाम्पूवर पैसे घालतात आणि सकाळी पुन्हा तेच जेल थापतात.

त्यात आपल्याकडची कूलरची भानगड. मे महिन्यात बाहेरची हवा इतकी कोरडी असते की जेल लावल्या लावल्या वाळून जातं. तेच डोकं संध्याकाळी खसच्या कूलरसमोर आलं की जेलमधलं पॉलिमर हवेतला ओलावा ओढून घेतं आणि केस चिकट होतात, वर वर्धा रोडची धूळ बसते ती वेगळी. जुलै-ऑगस्टमध्ये तर दिवसभर हाच प्रकार.

पातळ केसांचं आणखी एक दुखणं आहे. जेलने केसांच्या बटा होतात आणि दोन बटांच्या मधून टाळू दिसते. ऑफिसच्या पांढऱ्या लाईटखाली तर जास्तच. म्हणजे जे झाकायचं तेच उघडं पडतं. जेल वाईट नाही हो. लग्नाचा हॉल आहे, एसी आहे, हेल्मेटचा प्रश्न नाही आणि केस मागे चापून बसवायचे आहेत, तर एका रात्रीपुरतं जेलसारखं दुसरं काही नाही.

आता बाकीच्यांचं. कंपन्या नावं कितीही देवोत, गिऱ्हाइकाने दोनच गोष्टी ठरवायच्या असतात: चमक किती हवी आणि पकड किती हवी. पकडीचे आकडे, म्हणजे होल्ड 5, होल्ड 8 वगैरे, हे प्रत्येक कंपनीचे आपापले. सगळ्यांना लागू असं माप नाही, त्यामुळे एकीचा 5 आणि दुसरीचा 5 शेजारी ठेवून काही कळत नाही. ब्रँडच्या भांडणाचंही तसंच. सेट वेट 2012 साली मॅरिको कंपनीने घेतलं आणि 2020 साली बिअर्डोही पूर्ण त्यांच्याकडे गेलं. म्हणजे तुमचा 'हे बरं की ते' हा वाद एकाच घरातल्या दोन भावांचा आहे. त्यापेक्षा डबी उलटी करा.

घटकांची यादी साधारण जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. पहिलंच नाव 'एक्वा' किंवा 'वॉटर' असेल तर माल बहुतेक वेळा एका शाम्पूत निघतो. पहिल्या जागेवर 'पेट्रोलॅटम', 'मिनरल ऑइल' किंवा 'पॅराफिनम लिक्विडम' दिसलं तर तो तेलाच्या बेसचा, दोनदा-तीनदा धुवावा लागणारा. पोमेड या नावाखाली दोन्ही जातीचा माल विकला जातो, तेव्हा तिथे हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. क्रीमच्या बाबतीत मात्र ही खूण पुरत नाही. आपल्या आजोबा-वडिलांचं ब्रिलक्रीम घ्या. 1928 साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला निघालेला हा माल म्हणजे पाणी आणि खनिज तेल मधमाशीच्या मेणाच्या मदतीने घोटून एकजीव केलेलं. अशा क्रीममध्ये पाणी असूनही हाताला तेलकटच लागतं. म्हणून पहिली तीन-चार नावं वाचावीत, एकावर थांबू नये.

क्लेच्या डबीवर 'केओलिन' किंवा 'बेंटोनाइट' शोधा. ही माती, मुलतानी मातीच्याच गोत्रातली. ती घाम आणि टाळूचं तेल शोषते, आणि केस जरा खरखरीत करते, त्यामुळे ते एकमेकांपासून सुटे उभे राहतात आणि दाट वाटतात. ती जेलसारखी वाळून कडक होत नाही. दुपारी केस बसले तरी बोटांनी पुन्हा उचलता येतात, आणि तुमच्यासाठी खरा मुद्दा हाच आहे. काही डब्यांवर पुढे मोठ्या अक्षरात क्ले असतं आणि मागे ही माती यादीच्या शेपटाला सापडते. ते वॅक्सच समजा.

कुरळे किंवा लांब केस असते तर मी क्ले सांगितली नसती, ती ओढते आणि गुंता करते. तिथे हलकं क्रीम बरं. तारेसारखे जाड, उभे राहणारे केस असतील तर पाण्याच्या बेसचं पोमेड किंवा घट्ट पेस्ट, तीही ओलसर केसांत. वॅक्स अगदी आखूड केसांचे काटे करायला किंवा मिशीला. सी सॉल्ट स्प्रे दिसायला झकास, पण उन्हाळ्यात आपले केस आधीच गवत झालेले असतात, त्यात मीठ कशाला? पावडरचं सध्या खूळ आहे. तिच्यात बहुधा सिलिका असते, मुळाशी चिमूटभर चोळली की केस लगेच उचलले जातात. पातळ केसांना ती लागू पडते, फोटोपुरती मस्तच, पण केस इतके रखरखीत होतात की संध्याकाळी बोट अडकतं. आणि लावताना तोंड बाजूला करून श्वास धरा, पंख्याखाली तर लावूच नका.

आता लावायचं कसं, कारण बहुतेकांचा माल चांगला असतो आणि हात चुकतो. क्ले बोटाने खणायची नाही. अंगठ्याच्या नखाच्या पाठीने वरून खरवडायची, वाटाण्याच्या दाण्यापेक्षाही कमी. ती तळहातांवर इतकी घासायची की गोळी, कण काही दिसू नये, हातावर नुसता ओलसर थर राहावा आणि तळवे गरम लागावेत. गोळी राहिली तर काळ्या केसांत राखाडी ठिपका दिसणार म्हणजे दिसणार. मग सुरुवात मागून, डोक्याच्या चक्राकडून. बोटं मुळापर्यंत घालून पुढे यायचं आणि कपाळावरच्या केसांना शेवटी हातावर उरलंसुरलं लावायचं. सगळे उलटं करतात, आधी समोर थापतात, म्हणून समोरची झुलपी जड होऊन पडते आणि मागे काहीच नसतं. केस कोरडे किंवा अगदी किंचित दमट हवेत. कमी वाटलं तर आणखी घेता येतं, जास्त झालं तर डोकं धुण्याशिवाय इलाज नाही.

हेल्मेटचं सांगतो. घरून निघताना केस पूर्ण वाळलेले हवेत. ओल्या केसांवर हेल्मेट घातलं तर ते दाबल्या आकारातच वाळतात आणि मग कुठलीच क्ले त्यांना उठवत नाही. आत पातळ सुती टोपी किंवा रुमाल घाला, घाम तो पितो आणि रोज धुता येतो. उन्हाळ्यात तसंही आपण दुपट्टा बांधतोच. ऑफिसात पोचल्यावर बोटं ओली करून मुळांशी फिरवा, दोन मिनिटं वाळू द्या, मग क्ले. डबी बॅगेत ठेवा, बाईकच्या डिक्कीत नाही. अशा मालातली पेट्रोलियम जेली, म्हणजे यादीतलं पेट्रोलॅटम, अंगाच्या उष्णतेच्या आसपासच मऊ व्हायला लागते आणि मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पारा 45 च्या वर असताना उन्हात उभ्या गाडीची डिक्की आतून किती तापते ते हात घालून बघा. माल वितळून तेल वर येतं, आणि पुन्हा थंड झाला तरी तो पहिल्यासारखा राहत नाही. तेलाचं पोमेड लावून याच दिवसांत बाहेर पडलात तर तेच कपाळावरून ओघळतं. ते डिसेंबरात वापरा हवं तर. फक्त तेव्हा ते डबीत इतकं घट्ट होतं की आधी हेअर ड्रायरची ऊब द्यावी लागते.

धुणं टाळू नका. रात्री क्ले डोक्यात ठेवून झोपायचं नाही, उशीला लागते आणि उशीवरून तोंडाला. रोज शाम्पू नको वाटत असेल तर ज्या दिवशी काही लावलं त्याच दिवशी करा. घरी बोअरचं जड पाणी असेल तर फेस कमी येतो आणि केसांवर थर राहतो, तेव्हा शेवटचं पाणी तरी नळाचं घ्या. तेलाचं पोमेड असेल तर आधी कोरड्या केसांतच थोडं खोबरेल किंवा कंडिशनर चोळा, त्यात पोमेड सैल होतं, मग शाम्पू. थेट पाणी ओतलं तर तो चिकटा जागचा हलत नाही.

केस गळण्याचं: पुरुषांचं टक्कल मुख्यतः आनुवंशिकता आणि हॉर्मोनवर चालतं. केसांच्या दांड्यावर लावलेली क्ले मुळाला संपवत नाही. कडक जेलमधून कोरडा कंगवा ओढला तर केस तुटतात, ते वेगळं. पण घरात वडिलांचे किंवा मामाचे केस लवकर गेले असतील आणि तुमचेही कपाळावरून मागे सरकताना दिसत असतील, तर क्ले बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, तो लवकर गाठलेला बरा. तेलकट मालाने कपाळावर, केसांच्या कडेला बारीक पुटकुळ्या येतात, हे मात्र खरं आहे. डॉक्टरांच्या भाषेत त्याला पोमेड ॲक्नेच म्हणतात आणि 1970 सालापासून ते वैद्यकीय लिखाणात आहे. तशा आल्या तर माल कपाळापासून बोटभर मागे ठेवा, नाहीतर बंद करा.

खरेदी करताना सगळ्यात लहान डबी घ्या. देशी ब्रँडची क्ले साधारण 300 ते 500 रुपयांत येते आणि सांगितलं तेवढीच घेतली तर बरेच महिने पुरते. सीताबर्डीच्या फुटपाथवर निम्म्या भावात मिळते ती घेऊ नका, सील आणि बॅच नंबर बघून पक्क्या दुकानातून घ्या. पहिल्यांदा कानामागे थोडी लावून एक दिवस बघा, खाज सुटली तर डोक्याला लावायची नाही.

आणि पुढच्या कटिंगला तुमच्या कारागिराला आधीच सांगा की रोज हेल्मेट असतं. बाजूला 3 नंबरची मशीन, वर दोन-अडीच इंच, आणि वरचं काम कात्रीने, टोकं सुटी करून. पातळ केसांत थिनिंग कात्री जास्त चालवू देऊ नका. तो ती उचलायच्या आधीच बोला, कारण एकदा चालली की मग महिनाभर वाट बघावी लागते.