वाचकांचे प्रश्न : आडनावाची मोजदाद

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. वाफेच्या इंजिनांचं वेड असल्यामुळे रुळांवरचं पहिलं वाफेचं इंजिन बनवणारे कॉर्नवॉलचे रिचर्ड ट्रेविथिक (Trevithick) यांच्या आडनावाच्या नोंदी ब्रिटनच्या जुन्या जनगणनांमधून जमवून त्यांचा तक्ता करतो आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या या काउंटीबाहेरही (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नोंदी सापडतात आणि स्पेलिंगही बदलतं. यावरून घराणं कुठून कुठे पांगलं हे सांगता येईल का? आणि आपल्याकडच्या आडनावांचा असा तक्ता कुठे मिळत कसा नाही?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण हा माझ्याही जिव्हाळ्याचा विषय आहे. खुद्द रिचर्ड तुमच्या तक्त्यात येणार नाहीत. ब्रिटनमध्ये 1801 पासून दर 10 वर्षांनी शिरगणती होत होती, पण देशभरातल्या माणसांची नावं नोंदलेली आणि जपून ठेवलेली पहिली जनगणना 1841 ची. रिचर्ड 1833 मध्येच वारले.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुमच्याकडून होऊ नये. काही वर्षांपूर्वी मी एका आडनावाच्या 1881 च्या नोंदी मोजल्या. सर्वांत जास्त लंडनमध्ये निघाल्या, म्हणून ‘हे मूळचे लंडनकर’ असं एका लेखात लिहून टाकलं. एका वाचकाने पत्र पाठवून विचारलं, लंडनची लोकसंख्या किती होती हो? मला खरंच वाईट वाटलं, कारण त्या लेखावर विसंबून कुणीतरी पुढे लिहिलं असणार. 1881 मध्ये लंडनची वस्ती सुमारे 38 लाख होती आणि कॉर्नवॉलची सुमारे 3 लाख 30 हजार. समजा, एखाद्या आडनावाची दोन्हीकडे 60-60 माणसं आहेत. मग कॉर्नवॉलमध्ये दर लाखामागे 18 होतात आणि लंडनमध्ये जेमतेम दीड. तेव्हा नुसती संख्या लिहू नका. शेजारी दर लाखाचा रकाना आखाच.

दुसरा रकाना जन्मस्थानाचा. 1841 मध्ये माणूस त्याच काउंटीत जन्मला की नाही, आणि फार तर स्कॉटलंड, आयर्लंड किंवा परदेशात जन्मला का, एवढंच विचारलं होतं, आणि 15 वर्षांवरच्यांचं वय बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलं जाई. म्हणून 37 वर्षांचा माणूस तिथे 35 चा दिसतो. 1851 पासून जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गाव किंवा विभाग) आणि कुटुंबप्रमुखाशी नातं हेही लिहू लागले, आणि तिथून खरी गोष्ट कळायला लागते. रिचर्ड यांचे चिरंजीव फ्रान्सिस 1851 साली चेशरमधल्या क्रूच्या रेल्वे कारखान्याचे प्रमुख होते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. एका माणसाच्या नोकरीमुळे अख्खं बिऱ्हाड नकाशावर शेकडो मैल सरकतं. चेशरमध्ये चार-सहा ट्रेविथिक दिसले म्हणून तिथे त्यांची शाखा होती असं म्हणू नका. ते जन्मले कुठे, ते बघा.

स्पेलिंगबद्दल. घरात भरलेला कागद प्रगणक आपल्या वहीत उतरवून घेई. घरात लिहिता येणारं कुणी नसलं तर कानावर पडेल तसं तोच लिही. 1911 च्या आधीच्या आपल्याला मिळतात त्या या उतरवलेल्या वह्या, घरचे कागद नव्हेत. अलीकडे त्यांची सूची करणाऱ्यांनी ते अक्षर तिसऱ्यांदा वाचलं. जुन्या वळणात ‘टी’ आणि ‘एफ’ सहज एकमेकांसारखे दिसतात. म्हणून ‘एफ’खालीही शोधा, शेवटचा ‘के’ गाळून शोधा, मधला ‘आय’ बदलून ‘ई’ करून शोधा.

लग्न झालेल्या मुली या आडनावातून गेल्या आणि सुना आल्या, तेव्हा पिढ्या जुळवताना पुरुषांची मोजणी वेगळी ठेवलेली बरी. आणि 1871 चे आकडे घसरलेले दिसले तर घाबरू नका. 1866 मध्ये तांब्याचा भाव कोसळला, कॉर्नवॉलच्या खाणी बंद पडत गेल्या आणि खाणकामगार जहाजं भरभरून मिशिगन, कॅलिफोर्निया, दक्षिण ऑस्ट्रेलियाकडे निघाले. अमेरिकेत गेलेल्यांना तिथल्या 1870 आणि 1880 च्या जनगणनांत शोधा. तिथली 1890 ची बहुतेक पत्रकं वॉशिंग्टनमधल्या 1921 च्या आगीत जळाली किंवा खराब झाली आणि उरलेली पुढे नष्ट केली गेली, त्यामुळे पुढची नोंद थेट 1900 ची.

आता आपल्याकडचं. आपल्या जनगणनेच्या छापील अहवालांत धर्म, भाषा, व्यवसाय आणि 1931 पर्यंत जात यांचे तक्ते आहेत, आडनावाचा नाही. 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 मुळे व्यक्तीची नोंद कुणालाही पाहता येत नाही. जातीच्या तक्त्यावरून आडनावाचा अंदाज बांधावा म्हटलं तर तेही फसतं. पाटील, देशमुख ही वतनाची नावं, ती कितीतरी जातींत आढळतात.

पण तुमच्या तक्त्याला भारताचा एक रकाना जोडता येण्यासारखा आहे. 1880 नंतर कोलारच्या सोन्याच्या खाणींत कॉर्नवॉलचे खाणकामगार आले होते. दक्षिण भारतातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिथे हे आडनाव निघतं का ते पाहा, आणि निघालं तर मला जरूर कळवा.