आपले प्रश्न : बोटॉक्सचे इंजेक्शन कोणासाठी आणि कशासाठी?

बोटॉक्सविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत. मी मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकारांवर उपचार करणारा डॉक्टर आहे, त्यामुळे हे औषध माझ्या हातून प्रामुख्याने आजारांसाठीच वापरले जाते. त्याच्या सौंदर्योपचारातील प्रसिद्धीमुळे खऱ्या गरजू रुग्णांचे नुकसान होते, असे मला वाटते आणि पुढील उत्तरांत ते वाटणे लपवलेले नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपासून त्यांचे डोळे आपोआप गच्च मिटतात. उन्हात गेल्यावर किंवा टीव्ही पाहताना तर पापण्या उघडतच नाहीत. रस्ता ओलांडताना हात धरावा लागतो. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, थेंब घालून झाले. आता डॉक्टरांनी बोटॉक्स सुचवले आहे. माझे दीर म्हणतात की ते विष आहे, आणि सासूबाई म्हणतात की या वयात असले नटवे उपचार शोभत नाहीत. काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा ब्लेफॅरोस्पाझम नावाचा विकार असण्याची शक्यता बरीच आहे. यात डोळा निरोगी असतो, दृष्टी शाबूत असते. पण पापणी मिटवणाऱ्या गोल स्नायूला मेंदूकडून अवेळी आणि अवाजवी आदेश मिळत राहतात, त्यामुळे चांगली नजर असलेले माणूस व्यवहारात आंधळे होते. चष्मा बदलून किंवा थेंब घालून हा आदेश थांबत नाही. असे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे चष्म्याच्या दुकानांत आणि दवाखान्यांत हेलपाटे घालतात, काहींना तर ‘हा मनाचा खेळ आहे’ असे सांगून परत पाठवले जाते. भुवईला बोट लावले, बोलायला किंवा गुणगुणायला सुरुवात केली की काही वेळ डोळे उघडतात, असा अनुभव सासूबाईंना येतो का, ते जरूर पाहावे, कारण या विकाराची ती एक नेहमीची खूण आहे आणि नेमकी तीच पाहून घरच्यांना रुग्ण सोंग करतो आहे असा संशय येतो.

आता विषाविषयी. आपल्या दिरांचे म्हणणे खोटे नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू प्राणवायू नसलेल्या जागी, उदाहरणार्थ नीट न उकळता हवाबंद केलेल्या अन्नात वाढतो आणि तिथे जे विष तयार करतो, ते ज्ञात विषांमध्ये अत्यंत जहाल मानले जाते. बोटॉक्स हे त्याच विषापासून बनवलेले औषध आहे. १८९५ साली बेल्जियममधील एलझेल या गावी एका अंत्यविधीनंतर खारवलेले डुकराचे मांस खाल्लेले लोक आजारी पडले, काही दगावले, आणि त्या प्रकरणातून एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी हा जिवाणू शोधून काढला. मात्र औषधाचा विचार करताना मात्रेचा आणि जागेचा विचार सोडून चालत नाही. हे विष मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे रसायन बाहेर पडू देत नाही, आणि ते रसायन मिळाले नाही की स्नायू आकुंचन पावत नाही. अन्नावाटे ते रक्तात मिसळले तर श्वासाचे स्नायूही लुळे पडतात. पापणीच्या कडेला, एकेका जागी सुरुवातीला सव्वा ते अडीच युनिट इतकी अल्प मात्रा टोचली, तर तेवढाच स्नायू सैल होतो.

हा उपचार मुळात डोळ्यांसाठीच जन्माला आला, हे सासूबाईंना सांगावे. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेला पर्याय शोधत होते. त्यांनी १९७०च्या दशकात या औषधाचे प्रयोग केले आणि १९८९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा व ब्लेफॅरोस्पाझम यांसाठी त्याला मान्यता दिली. सुरकुत्यांवरील उपयोगाचा शोध नंतरचा आहे. कॅनडातील व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुदर्स याच विकाराच्या रुग्णांना इंजेक्शने देत असताना भुवयांमधल्या आठ्या मावळतात हे लक्षात आले, त्यांनी त्वचारोगतज्ज्ञ पती ॲलिस्टर यांच्यासह त्यावर काम केले, आणि आठ्यांसाठीची अमेरिकी मान्यता २००२ साली, म्हणजे तेरा वर्षांनी आली. तेव्हा नटव्या उपचाराची उसनवारी आपल्या सासूबाईंना करावी लागत नाही. उलट नट्यांनीच त्यांच्या आजाराचे औषध घेतले आहे.

इंजेक्शनाचा परिणाम दोन-तीन दिवसांत जाणवू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीनेक महिने टिकतो. त्यानंतर पुन्हा घ्यावे लागते. मूळ विकार यामुळे बरा होत नाही, तो आटोक्यात राहतो. डोळा कोरडा पडणे, पाणी येणे किंवा काही आठवडे पापणी थोडी खाली उतरणे हे त्रास होऊ शकतात, पण ते ओसरतात. एक तपासणी मात्र आधी व्हायलाच हवी. पापणी जोराने मिटते आहे की अशक्तपणामुळे खाली पडते आहे, हा फरक मोलाचा आहे, कारण मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात पापण्या पडतात आणि त्या रुग्णाला हेच इंजेक्शन घातक ठरू शकते. चेहऱ्याची एकच बाजू, गालासह, फडफडत असेल तर तो हेमिफेशियल स्पाझम असतो. त्यावरही हे इंजेक्शन उपयोगी पडते, पण मज्जातंतूवर रक्तवाहिनीचा दाब आहे का हे पाहण्यासाठी एमआरआय करून घेतात.

प्रश्न : एकदा घेतले की सवय लागते, आणि बंद केले की सुरकुत्या दुपटीने वाढतात, हे खरे आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही खरे नाही. औषधाचा अंमल संपला की मज्जातंतूचे टोक पूर्ववत काम करू लागते आणि चेहरा पूर्वी होता तसा होतो. मधल्या काळात सवय झालेल्या गुळगुळीत कपाळाशी तुलना केल्याने तो अधिक सुरकुतलेला भासतो. मात्र वारंवार आणि मोठ्या मात्रेत घेतल्यास शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार होऊन पुढे औषध लागू पडेनासे होऊ शकते. म्हणून दोन वेळांमध्ये किमान १२ आठवड्यांचे अंतर राखतात.

प्रश्न : आमचा मुलगा ५ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. तो चवड्यांवर चालतो, टाच टेकत नाही. फिजिओथेरपी सुरू आहे. डॉक्टर पोटरीत बोटॉक्स देऊ म्हणतात. त्यानंतर तो नीट चालेल का? व्यायाम थांबवता येईल का? – एक पालक, लातूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथेच बहुतेक पालकांची निराशा होते. व्यायाम थांबवता येणार नाही; किंबहुना इंजेक्शन द्यायचे ते व्यायाम नीट करता यावा म्हणूनच. आपल्या मुलाच्या मेंदूला जन्माच्या आसपास झालेली इजा पोटरीच्या स्नायूला सतत ताठ राहायला लावते. ताठ राहिलेला स्नायू हाडाच्या वाढीबरोबर लांबत नाही, आणि मूल उंच होत जाते तशी टाच अधिकच वर ओढली जाते. इंजेक्शनाने हा ताठपणा काही महिन्यांपुरता सैल होतो. त्या मुदतीत स्नायू ताणण्याचे व्यायाम, पायाला आधार देणारी पट्टी आणि काही मुलांमध्ये ठरावीक दिवसांनी बदलले जाणारे प्लास्टर यांचा उपयोग करून पाऊल सपाट टेकण्याची सवय लावायची असते. शेत भिजलेले असतानाच नांगरून घ्यावे, तसा हा वापसा आहे; तो नुसता बसून वाया घालवला तर इंजेक्शनाचा खर्च आणि मुलाला दिलेली वेदना दोन्ही व्यर्थ जातात.

पहिल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की मुलगा कसा चालेल हे केवळ पोटरीवर अवलंबून नसते. मेंदूतील इजा किती आहे, तोल, गुडघे आणि नितंबाचे सांधे कसे आहेत, यावर ते ठरते. तपासताना डॉक्टरांनी हाताने पाऊल वर वळवले असता ते वळत असेल, तर स्नायू अजून लवचीक आहे आणि इंजेक्शनाचा लाभ अपेक्षित आहे. पाऊल अजिबातच वळत नसेल, तर स्नायू कायमचा आखडलेला आहे. तिथे या औषधाचा उपयोग होत नाही आणि अस्थिरोगतज्ज्ञांशी शस्त्रक्रियेबाबत बोलावे लागते. मात्रा मुलाच्या वजनावरून ठरते, आणि योग्य स्नायू सापडण्यासाठी सोनोग्राफीची मदत घेतलेली उत्तम. इंजेक्शनानंतरच्या दिवसांत मुलाला गिळताना ठसका लागू लागला, तो विलक्षण मलूल झाला किंवा श्वासाला त्रास झाला, तर लगेच रुग्णालय गाठावे. औषध दूरवर पसरून असे होणे विरळ आहे, पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली याबाबत ठळक इशारा छापायला लावला तो प्रामुख्याने अशा मुलांच्या अनुभवावरून.

एक सूचना. घरी परतल्यावर कोण, किती वाजता आणि कोणते व्यायाम करून घेणार, हे इंजेक्शनाची तारीख घेण्यापूर्वी ठरवा. आजी-आजोबांनाही ते व्यायाम शिकवून ठेवावेत.

प्रश्न : मला महिन्यातले वीस दिवस डोके दुखते. जवळजवळ रोज गोळी घेते. बोटॉक्सने मायग्रेन जातो असे ऐकले. मी ते घ्यावे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी गोळ्यांचा हिशेब मांडावा लागेल. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस आणि मायग्रेनची खास किंवा मिश्र औषधांची गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली गेली, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. त्यामुळे एक रोजनिशी ठेवा : डोके कोणत्या दिवशी दुखले, किती वेळ, गोळी कोणती घेतली. ही वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर निदान निम्मे झालेले असेल.

बोटॉक्सची मान्यता केवळ दीर्घकालीन मायग्रेनसाठी आहे, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी आणि त्यातले किमान ८ दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे. अधूनमधून होणाऱ्या अर्धशिशीवर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. तसेच ते पहिले औषध नव्हे. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट यांसारखी प्रतिबंधक औषधे आधी पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ घेऊन पाहायला हवीत. ब्रिटनमध्ये तर अशी किमान तीन औषधे अयशस्वी ठरल्यावरच सरकारी आरोग्यसेवा हा उपचार देते, आणि दोन फेऱ्यांनंतर डोकेदुखीचे दिवस ३० टक्क्यांनी तरी कमी झाले नाहीत तर थांबवते. हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. उपचारात कपाळ, कानशिले, डोक्याचा मागचा भाग, मान आणि खांदे यांवरील ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट औषध देतात आणि दर १२ आठवड्यांनी ते पुन्हा देतात. आपण गरोदर असाल, तसा विचार करत असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर हे आवर्जून सांगा, कारण त्या काळात हे इंजेक्शन टाळतात.

प्रश्न : माझे वय २६. तीन आठवड्यांनी लग्न आहे. ओळखीच्या पार्लरमध्ये बोटॉक्स आणि ओठांचे फिलर स्वस्तात करून देतात. आई नको म्हणते. आपले मत? – एक वाचक, पुणे

उत्तर : माझे मत आपल्या आईंच्या बाजूचे आहे. पार्लरमध्ये हे इंजेक्शन घेऊ नये, मग लग्न तीन आठवड्यांवर असो की तीन वर्षांवर. कोणता स्नायू भुवई उचलतो आणि कोणता पापणी, त्यांच्यामध्ये किती थोडे अंतर आहे, हे ज्याने अभ्यासलेले नाही, त्याच्या हातची सुई थोडी खाली गेली तरी पापणी उतरते आणि ती काही आठवडे तशीच राहते. फिलर हे तर वेगळेच द्रव्य आहे. ते स्नायूला सैल करत नाही, भर घालते. चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचेचा भाग मरू शकतो, आणि क्वचित दृष्टीही जाते. असे घडल्यास ते विरघळवण्याचे औषध जवळ असणारा आणि ते त्वरित टोचू शकणारा डॉक्टर समोर हवा.

स्वस्त या शब्दाने सावध व्हावे. २०२४ साली अमेरिकेत बनावट किंवा अनधिकृत मार्गाने आलेल्या औषधाची इंजेक्शने घेतलेल्या अनेक स्त्रियांना अंधुक दिसणे, गिळता न येणे, श्वासाला त्रास होणे अशी लक्षणे झाली आणि काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले. पुढे कधी हा उपचार घ्यायचाच झाला, तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडे जावे, मेडिकल कौन्सिलमधील त्यांची नोंदणी पाहावी, कुपी आपल्यासमोर उघडायला सांगावी, तिच्यावरचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत यांचा फोटो घ्यावा आणि किती युनिट दिले ते लिहून मागावे. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटे सारखी नसतात, त्यामुळे नावाशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही.

आणि मुळात २६व्या वर्षी चेहरा स्थिर असताना आठ्या दिसत नसतील, तर सैल करण्याजोगे काही तिथे नाही. पहिल्यांदाच घेतलेल्या इंजेक्शनाचा परिणाम लग्नाच्या तोंडावर आजमावू नये.

प्रश्न : तळहातांना इतका घाम येतो की परीक्षेत उत्तरपत्रिका भिजते. यावर उपयोग होईल का? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : होऊ शकतो, कारण घामाच्या ग्रंथींनाही ॲसिटिलकोलिनचाच आदेश मिळतो. काखेतील घामासाठी या औषधाला २००४ पासून अमेरिकेत मान्यता आहे. तळहातासाठी तशी मान्यता नाही, इंजेक्शने बरीच दुखतात, आणि काही आठवडे चिमटीतील जोर कमी झाल्याने लिहिणे अवघड होऊ शकते, हे विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावे. ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण आणि पाण्यातून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा उपचार आधी करून पाहावा. थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी.

प्रश्न : एन्डोस्कोपीने पोटात बोटॉक्स देऊन वजन उतरते, अशी जाहिरात वाचली. परदेशात जाऊन हा उपचार घेण्याचा विचार आहे. – एक वाचक, मुंबई

उत्तर : हा विचार सोडावा. जठराचे स्नायू सैल करून पोट उशिरा रिकामे व्हावे आणि भूक कमी लागावी, अशी त्यामागची कल्पना आहे, पण वजन खात्रीने उतरते असे अभ्यासांतून ठरलेले नाही. २०२३ साली तुर्कस्तानात असा उपचार घेतलेल्या तिथल्या आणि युरोपातून आलेल्या डझनावारी लोकांना बोट्युलिझम झाला, म्हणजे अन्नविषबाधेत होतो तोच आजार इंजेक्शनातून झाला. काहींना अतिदक्षता विभागात ठेवून प्रतिविष द्यावे लागले. वजनामुळे आपल्याला मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास असेल, तर त्यासाठी सिद्ध झालेली औषधे आणि शस्त्रक्रिया मुंबईतच उपलब्ध आहेत. आपली उंची, वजन, कंबरेचा घेर आणि रक्तातील साखरेचे अहवाल घेऊन प्रथम फिजिशियनला भेटावे.