पाण्याचा दिवस कुणाकडे?

अगं, टॉवेलच्या कारखान्यात तू अख्खी पाळी सांभाळतेस, मग घरी सगळं एकटीनं का ओढतेस? कामगाराकडे माग दिला की तुटलेलं सूत जोडणंही त्याच्याकडेच असतं ना? घरीसुद्धा काम अख्खं सोपवायचं.

पाण्याचंच घे. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस नवऱ्याकडे दिला म्हणजे वेळेवर लक्ष ठेवणं, मोटर लावणं, पिंप घासणं, पिण्याचं गाळून भरणं, सगळं त्यांचं. तू आठवण करून देत बसलीस तर काम तुझंच राहिलं. सुरुवातीला एखादी घागर रिकामी राहील, राहू दे. मागून जाऊन भरू नकोस, हे मात्र मनापासून सांगते.

सासूबाईंना हुकूम नको. "आई, शेंगाचटणी कुटायचं तुमच्याकडे ठेवू का?" असं विचार. मुलांना डबे, कपड्यांच्या घड्या. चुकलं तर बाजूला घेऊन सांग, पाहुण्यांसमोर नाही.

रविवारी जेवणं झाली की सगळे मिळून आठवड्याचं ठरवा. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, पाहुणे येतात, तेव्हाची वाटणी संक्रांतीच्या आधीच करून ठेवा.