तुझ्या आजीच्या आत्म्याच्या तारणाविषयी

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचून संताप झाला, तुझ्यावर नव्हे. आजी जाऊन महिनाही उलटला नाही आणि प्रार्थनासभेत कुणीतरी तुला सांगतो, ‘तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता, ती नरकात गेली.’ हे ठरवायचा अधिकार त्याला कुणी दिला? कॅथलिक चर्चने कितीतरी संत नावानिशी जाहीर केले. अमुक माणूस नरकात आहे, असं मात्र आजवर एकाही नावाबद्दल अधिकृतपणे म्हटलेलं नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाबद्दलही नाही.

त्याने तुला बायबलमधलं मत्तय 25:46, सार्वकालिक शिक्षेचं वचन, दाखवलं. आता तोच अध्याय 31 व्या वचनापासून वाच. राजा ज्यांना उजवीकडे घेतो, ते चकित होऊन विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिला? भुकेल्याला वाढताना आपण त्यालाच वाढत होतो, हे त्यांच्या गावीही नसतं. कळव्याच्या चाळीत तुझी आजी कुणाकुणाला जेवू घालायची, हे तूच मला सांगितलंस. शिक्षेचं वचन खरंच आहे, पण ते उपाशी माणसाकडे पाठ फिरवणाऱ्यांसाठी. बाप्तिस्म्याचा दाखला तिथे कुणी मागत नाही.

मग सगळेच तरतील का? हा वाद फार जुना. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने अखेर सगळेच देवाकडे परततील अशी मांडणी केली. 553 च्या सुमारास त्याच्या नावावरची ती शिकवण चर्चकडून धिक्कारली गेली. पण चौथ्या शतकातल्या न्यिसाच्या बिशप ग्रेगरीने जवळपास तीच आशा बोलून दाखवली, आणि त्याला आपण संत मानतो. संत ऑगस्टीन मात्र या आशेच्या ठाम विरोधात. मला पटतं ते विसाव्या शतकातले कॅथलिक धर्मपंडित हान्स उर्स फॉन बाल्थासार यांचं म्हणणं: सगळ्यांचं तारण होईलच असा दावा करता येत नाही, पण तशी आशा धरावी. दावा का नाही? कारण देव कुणाला फरफटत आत नेत नाही. नाही म्हणायची मोकळीक खरी असेल, तर नरकाची शक्यताही खरी. ती स्वतःला सावध ठेवण्यासाठी लक्षात ठेव, दुसऱ्याच्या नावापुढे लिहू नकोस.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1964 मध्ये ‘लुमेन जेंसियुम’ या दस्तऐवजाच्या 16 व्या परिच्छेदात म्हटलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला धरून जगतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. तेही ख्रिस्ताच्याच कृपेने, हे विसरू नकोस.

तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, चालेल का, असं विचारलंस. चालेल. 1983 च्या चर्च कायद्याचं 901 वं कलम धर्मगुरूला कुणाही जिवंत वा मृत माणसासाठी मिस्सा अर्पण करायची मोकळीक देतं. तलावपाळीजवळच्या आपल्या चर्चच्या ऑफिसात जाऊन नाव लिहून दे. आणि वर्षश्राद्धाला मामांकडे जा, पंगतीत वाढायला लाग.

हे पत्र आईलाही वाचायला दे. तिने लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून हा प्रश्न तिच्या मनात असणार. तुमच्यासमोर तिने तो कधी काढला नसेल.

तुझा,
काका