वाचकांचे प्रश्न: अडीनडीचा पैसा किती आणि कुठे ठेवावा?

प्रश्न: रावेरजवळ आमची तीन एकर केळी आहे. पैसा कापणीला, एकदाच येतो. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, असं सगळे सांगतात. आम्ही तो कसा धरावा?

उत्तर: पगारदाराचा हिशेब तुम्हाला लागू पडत नाही. तुमच्या दोन उत्पन्नांमध्येच जवळपास वर्ष जातं. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर दोन वर्षं. म्हणून घरखर्चाचे बारा महिने धरा: किराणा, वीजबिल, औषधपाणी, फी. महिना १५,००० लागत असतील तर १,८०,०००. पहिल्या कापणीतून तीन महिन्यांचे ४५,००० काढा, उरलेले पुढच्या तीन कापण्यांत. व्यापाऱ्याचे पैसे जमा होतील त्याच दिवशी काढा, कारण आठवड्यात खतवाल्याची उधारी दारात येते.

रोपं, ठिबक आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरणारं सालदाराचं साल, म्हणजे शेतगड्याची वर्षाची मजुरी, यांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. एकाच खात्यात राहिला की शेत सगळं ओढून घेतं आणि दवाखान्याच्या वेळी हात पसरावे लागतात. फळपीक विमा जरूर काढा, पण भरपाई हाती यायला महिने जातात, तेव्हा तिला या हिशेबात धरू नका. किसान क्रेडिट कार्डावर शिल्लक असलेली मर्यादाही बचत नव्हे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर ७ टक्के व्याज ४ टक्क्यांवर येतं. घरच्या अडचणीत ते थकलं की ही सवलत जाते.

प्रश्न: माझ्याकडे दीड लाख आहेत. सोनं घ्यावं की जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेत ठेवावं? (गृहिणी, जळगाव)

उत्तर: या पैशासाठी दोन्ही नको. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं: एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांमध्ये ठेवी अडकून वर्षानुवर्षं हेलपाटे घालणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एक-दोन टक्के जादा व्याजासाठी ती जोखीम घेऊ नका.

सोन्याची घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी मोडताना परत मिळत नाही, आणि गरजेच्या दिवशी भाव उतरलेला असू शकतो. घरात आहे ते सोनं दुसऱ्या फळीला राहू द्या. त्यावर तारण कर्ज लवकर मिळतं.

तुमच्यासाठी मांडणी अशी: ५०,००० बचत खात्यात, उरलेल्या एक लाखाच्या २५,००० च्या चार मुदत ठेवी, शक्यतो दोन बँकांमध्ये. एकच मोठी ठेव केली तर २०,००० साठी सगळी मोडावी लागते. चार असल्या तर एकच मोडते, आणि मुदतीआधी मोडल्याची व्याजकपात (बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का) तेवढ्यावरच बसते. खातं आणि ठेवी दोघांच्या नावे हव्यात, ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहिलेला’ या अटीवर. नुसत्या यजमानांच्या नावे असलेलं खातं, तेच अतिदक्षता विभागात असताना, तुमच्या काहीच कामाचं नाही. नुसतं वारस म्हणून नाव लावून हे काम होत नाही. वारसाला पैसे मृत्यूनंतरच मिळतात.

प्रश्न: पगार १६,०००, खासगी कर्ज ३० टक्के व्याजाचं. आधी बचत की कर्जफेड? (कामगार, धुळे)

उत्तर: नेहमीचा हप्ता चुकवू नका, पण जादा पैसे आधी १५,००० होईपर्यंत साठवा, मग सगळं कर्जाकडे वळवा. हाताशी काहीच नसेल तर पुढचं आजारपण त्याच ३० टक्क्यांच्या कर्जात जाईल. बँकेत बारा महिन्यांचं आवर्ती खातं उघडा, १,२५० चा हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापला जाईल असा लावा. पोस्टाचं आवर्ती खातं यासाठी घेऊ नका: मुदत पाच वर्षं, आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही.