राजापूर लोकसभा मतदारसंघातून आजवर कोण निवडून आलं? आता तो यादीत का दिसत नाही?

यादीत नाही, कारण 2008 च्या पुनर्रचनेत राजापूर हे नाव गेलं आणि 2009 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ आला.

राजापूर म्हणजे समाजवाद्यांचा बालेकिल्ला. 1957, 1962, 1967 अशा सलग तीन वेळा बॅ. नाथ पै. जानेवारी 1971 मध्ये ते अकाली गेले आणि त्याच वर्षी मधु दंडवते उभे राहिले. मग 1989 पर्यंत पाच वेळा तेच! त्यातही 1984 चा विजय मला सर्वांत मोठा वाटतो. इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना कोकणाने आपला माणूस सोडला नाही. रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आणल्या. आज स्लीपरने गावी जाताना आपण टेकतो ना, ती पाठ त्यांच्यामुळे मऊ आहे.

1991 ला काँग्रेसचे सुधीर सावंत यांनी त्यांना हरवलं. 1996 पासून चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू, म्हणजे पुढे तेही रेल्वेमंत्री झाले.

नव्या मतदारसंघात 2009 ला नीलेश राणे, 2014 आणि 2019 ला विनायक राऊत, 2024 ला भाजपकडून नारायण राणे.